न सापडलेलं विष : लक्ष्मीबाई कर्वे खटला आणि आपलं इंदूर

मागच्या बैठकीत मी हा विषय सुचवला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी लगेच विचारलं, "पुण्याच्या बाईचा खटला, मुंबईत मेलेली, दिल्लीत निकाल. आपल्या इंदूरच्या मंडळात याचं काय काम?" प्रश्न रास्त होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा निबंध जरा लांबला आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी बड़ा गणपती चौकाच्या मागच्या गल्लीत राहतो. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमच्याकडे सकाळी हिंदी पेपर येतो, आणि त्यात आठवड्यातून एकदा तरी एक वाक्य असतंच : मृत्यूचं कारण स्पष्ट नाही, 'विसरा' जांचेसाठी पाठवला. पूर्वी तो सागरच्या प्रयोगशाळेत जायचा, म्हणून 'विसरा सागर भेजा' हे शब्द आमच्या कानांना इतके सवयीचे. इंग्रजीतला 'व्हिसेरा', म्हणजे पोटातले अवयव, हिंदीत 'विसरा' झाला. मराठी माणसाला मात्र तो आज्ञार्थी वाटतो. लहानपणी मला खरंच वाटायचं की सरकार सांगतंय, आता विसरा. आणि बऱ्याच प्रकरणांत पुढे होतंही तेच.

तर मेलेल्या माणसाच्या शरीरात औषध किंवा विष शोधण्याची ही विद्या आपल्या भागात नवी नाही. कारण विषं इथे फार जुनी आहेत. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. तिच्या व्यापारावर लक्ष ठेवायला आणि परवान्याचे पैसे वसूल करायला इंग्रजांचा अफू एजंट इंदुरात बसायचा. पेढ्या उभ्या राहिल्या, हवेल्या उभ्या राहिल्या. शेतातून पेढीत जाताना थोडी अफू घराघरांत राहायचीच. खोकल्याला अफू, गुडघेदुखीला अफू, रडणाऱ्या पोराला अफूची बाळगोळी. दुसरं विष धतुरा. तो तर कुंपणाला उगवतो आणि महादेवाला वाहतात. वाटसरूच्या पिठात किंवा मिठाईत धतुऱ्याचं बी मिसळायचं, तो बरळायला लागून बेशुद्ध पडला की गाठोडं घेऊन पसार व्हायचं, हा एकोणिसाव्या शतकात उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातला नेहमीचा गुन्हा होता. नॉर्मन चेव्हर्स या इंग्रज डॉक्टराने १८५६ साली हिंदुस्थानसाठी न्यायवैद्यकाचं पुस्तक काढलं, त्यात धतुऱ्याला भरपूर जागा दिली आहे.

त्या काळी प्रेताच्या पोटातलं विष ओळखायचं म्हणजे बरंचसं डोळ्यांचं काम. जठरात बिया सापडल्या, त्या धतुऱ्याच्या की मिरचीच्या? हा प्रश्न आपल्याकडच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही परीक्षेत येतो. धतुऱ्याचं बी तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, चवीला कडू. मिरचीचं फिकट पिवळं, तिखट. उभं कापून भिंगाखाली धरलं की मिरचीच्या बीतला अंकुर इंग्रजी ६ च्या आकड्यासारखा आत वळलेला दिसतो, धतुऱ्याचा बाहेर वळतो. बी सापडलं नाही तर पोटातल्या द्रवाचा अर्क काढून त्याचा थेंब मांजराच्या डोळ्यात घालायचा. बाहुली मोठी झाली तर धतुऱ्याचा संशय. अशा कामासाठी सरकारने केमिकल एक्झामिनर नेमले : मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये.

युरोपात याआधीच एक मोठा फरक लक्षात आला होता. धातूची विषं टिकतात. सोमल, म्हणजे आर्सेनिक, केसांत नखांत वर्षानुवर्षं राहतो, आणि १८३६ साली मार्श नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो काचेवर काळ्या आरशासारखा उमटवून दाखवला. आमच्या चौकातल्या गणपतीवर जो शेंदूर चढतो तो शिशाचा. ही मूर्ती १९०१ ची, पंचवीस फूट उंच, आत वीट, चुना, गूळ, मेथीदाणा आणि सात पुऱ्यांची माती असल्याचं सांगतात. आणखी दोनशे वर्षांनी कोणी खरवडून पाहिलं तरी शिसं तिथे असेल. गुळाचं आणि मेथीचं मात्र कोण सांगणार? वनस्पतींच्या विषाचं तेच होतं. ते शरीरातल्या बाकी सेंद्रिय पदार्थांत मिसळून जातं. १८५० साली बेल्जियममध्ये बोकार्मे नावाच्या सरदाराने मेहुण्याला तंबाखूतलं निकोटिन पाजून मारलं, तेव्हा जाँ स्तास याने प्रेताचे अवयव आम्लयुक्त अल्कोहोलात भिजवून, गाळून, मग तो अर्क अल्कधर्मी करून ईथरमध्ये घुसळला. निकोटिन ईथरमध्ये उतरलं. बोकार्मेचं डोकं गिलोटिनवर गेलं. पुढची शंभर वर्षं, थोड्याफार फरकाने, जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा, आपल्या मुंबईचीही, याच वाटेने चालल्या.

ही वाट कुठे संपते ते लक्ष्मीबाई कर्वे प्रकरणात दिसलं.

लक्ष्मीबाई पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या. यजमान १९४५ साली गेले, मागे मुलगे, स्वतःचं घर, बँकेत पैसे, शेअर्स. मधुमेह होता, क्षयही झाला होता. त्यांच्याच घरात बिऱ्हाडाला असलेले डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्यावर उपचार करत. उपचारांबरोबर हळूहळू पैशांचे व्यवहारही डॉक्टरांच्या हातात गेले. एकट्या बाईचं असंच होतं : जो औषध देतो तोच बँकेत जातो, तोच पत्र लिहितो.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या एका तज्ज्ञाला दाखवायचं ठरलं. १२ तारखेच्या रात्री डॉक्टर त्यांना घेऊन पुण्याहून पॅसेंजर गाडीने निघाले. पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचली तेव्हा बाई पूर्ण बेशुद्ध होत्या. स्ट्रेचरवरून टॅक्सीत, टॅक्सीतून गोकुळदास तेजपाल हॉस्पिटलात, म्हणजे मुंबईकरांच्या जीटीत. तिथे डॉक्टरांनी नाव सांगितलं : इंदुमती पौनशे. नातं सांगितलं ते असं की गाडीतली ओळख. नातेवाईक म्हणून कलकत्त्याच्या एका भावाचं नाव दिलं. सकाळी साडेअकराच्या सुमारास बाई गेल्या. शुद्ध आलीच नाही. डॉक्टर पुण्याला परतले.

कलकत्त्याच्या पत्त्यावर तार गेली. असा भाऊ तिथे नव्हताच. मधुमेही मूर्च्छा हे कारण कागदावर आलं, शवविच्छेदन झालं नाही, आणि प्रेत बेवारस म्हणून पडून राहिलं. बेवारस प्रेत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी देतात, तसं हेही ग्रँट मेडिकल कॉलेजकडे गेलं. तिथे गळ्यावर काहीतरी खूण कोणाच्या तरी नजरेला पडली आणि प्रेत कॉरोनरकडे परत आलं. (मुंबईत तेव्हा कॉरोनर होता. आपल्याकडे पंचनाम्याचं काम पोलीस आणि मॅजिस्ट्रेट करतात, मुंबईत १८७१ च्या कायद्याने त्यासाठी वेगळा अधिकारी होता, तो १९९९ पर्यंत राहिला.) २३ नोव्हेंबरला शवविच्छेदन झालं. मृत्यूला दहा दिवस होऊन गेले होते. गळ्याच्या खुणेतून काही निघालं नाही, पण मृत्यूचं नैसर्गिक कारणही सापडलं नाही. व्हिसेरा केमिकल अ‍ॅनलायझरकडे गेला. उत्तर आलं : विष आढळलं नाही.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. 'विसरा', आमच्या पेपरच्या भाषेत.

पुण्यात मात्र लक्ष्मीबाई जिवंत होत्या. त्यांची पत्रं येत होती. आपण दूर गेलो आहोत, एका जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे, काळजी करू नये, असा मजकूर. त्यांच्या सहीने पैसे निघत होते, शेअर्स वळते होत होते, घरातलं सामानसुद्धा कमी होत गेलं. ही सगळी पत्रं आणि सह्या बनावट होत्या आणि पैसा डॉक्टरांकडे गेला होता, असं पुढे कोर्टात सिद्ध झालं. नातेवाइकांना पत्रं खरी वाटेनात. सोवळ्यात वाढलेली, दुखण्याने खंगलेली विधवा बाई एकाएकी पुनर्विवाह करून, कोणाला न भेटता, गायब होते? त्यांनी तक्रारी केल्या, पोलिसांनी माग काढला आणि पुण्याच्या शुक्रवार पेठेतला धागा जीटी हॉस्पिटलच्या 'इंदुमती पौनशे' या नोंदीशी येऊन जुळला. १९५८ मध्ये डॉक्टरांना अटक झाली.

मला या सगळ्यात एक गोष्ट विचित्र वाटते. समजा, त्यांनी खरं नाव सांगून, पुण्याला तार करून, मुलांना बोलावून रीतसर अग्नी दिला असता, तर मधुमेहाच्या दाखल्यावर प्रकरण त्याच संध्याकाळी राख झालं असतं. पण मग मृत्यू जाहीर झाला असता आणि इस्टेट मुलांकडे गेली असती. बाई मेली हे कोणाला कळू नये म्हणून त्यांना प्रेत बेवारस सोडावं लागलं, आणि बेवारस होतं म्हणूनच ते दहाव्या दिवशी टेबलावर आलं.

आता विष का सापडलं नसेल, हे जरा सावकाश बघू, कारण आपल्या बैठकीत यावरच वाद झाला होता. "नाही सापडलं म्हणजे नव्हतंच" असं म्हणणारे निम्मे होते.

एक तर, प्रयोगशाळा 'विष' असं काही शोधत नसते. ती ठरावीक विषं शोधते. सोमल, पारा, शिसं, अफू, धतुरा, कुचला, सायनाइड अशी एक यादी असते, एकेकाची कसोटी असते. यादीबाहेरचा पदार्थ नळीतून निघून जातो. १९५० च्या दशकात झोपेच्या आणि गुंगीच्या नव्या कृत्रिम औषधांची बाजारात रांग लागली होती, आणि त्यांच्या कसोट्या त्यांच्या मागून येत होत्या. गॅस क्रोमॅटोग्राफीचा शोध १९५२ चा. सरकारी प्रयोगशाळांत ती रुळायला पुढे बरीच वर्षं लागली. डॉक्टर माणसाच्या कपाटात काय काय होतं आणि यादीत काय काय होतं, यांत अंतर होतं. खटल्यात सरकारी बाजूच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी हेच सांगितलं की माग न ठेवणारी विषं आहेत.

दुसरं, शरीर स्वतः थांबत नाही. जिवंतपणी यकृत औषधाचे तुकडे करत असतं, बाई सहा-सात तास बेशुद्ध असतील तर तेवढा वेळ ते काम चाललंच असेल. मेल्यावर जंतू हात घालतात. सडण्यातून नवीन पदार्थ तयार होतात, त्यांत दारूही असते. इटलीत सेल्मी नावाच्या संशोधकाने १८७० च्या दशकात दाखवलं की कुजणाऱ्या प्रेतात असे क्षार तयार होतात जे वनस्पतींच्या विषासारखेच रंग दाखवतात. म्हणजे दहा दिवसांच्या प्रेतात खरं विष नाहीसं होऊ शकतं आणि खोटं दिसू शकतं. शिवाय औषध एका जागी बसून राहत नाही. हृदयाजवळच्या रक्तात यकृतातून, फुप्फुसातून झिरपून येतं, म्हणून आता मांडीच्या शिरेतलं रक्त घेतात. हे माझ्या विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागायचा : मेलेलं शरीर ही बंद बाटली नाही.

तिसरं, साधंच. अवयव बाटलीत कशात भरले? एरवी मिठाचं संपृक्त पाणी चालतं. फॉर्मॅलिनमध्ये घातले तर ऊतक घट्ट होतं आणि विष बाहेर काढणं अवघड. दारूचा संशय असेल तर अल्कोहोलात ठेवून चालत नाही, हे सांगायला नको, तरी अशा चुका झालेल्या आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालाची अर्धी किंमत शवागारातल्या बाटलीवर ठरते.

याच सुमाराची एक विलायती गोष्ट सांगतो. १९५७ च्या मे महिन्यात, लक्ष्मीबाईंनंतर सहाच महिन्यांनी, इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला एलिझाबेथ बार्लो ही तरुण बाई न्हाणीच्या टबात मेलेली सापडली. तिचा नवरा केनेथ नर्सचं काम करायचा. विष काहीच मिळेना. पण शवविच्छेदन करणाऱ्यांनी भिंगाने इंच इंच त्वचा तपासली तेव्हा कुल्ल्यांवर सुईची टोचणी दिसली. तिथलं मांस काढून त्याचा अर्क उंदरांना टोचला, उंदरांना इन्शुलिन दिल्यासारखे झटके आले. इन्शुलिनने खून सिद्ध झालेला तो पहिला खटला मानतात. बघा, तिथे काय होतं : ताजं प्रेत, टोचण्याची जागा आणि काय शोधायचं याचा अंदाज. इथे या तिन्हींपैकी एकही नव्हतं.

आज असतं तर? मधुमेही मूर्च्छा होती की नव्हती, हा या खटल्यातला कळीचा प्रश्न होता. आज डोळ्यातला द्रव सुईने काढून त्यातली साखर आणि कीटोन मोजतात. डोळ्याचं बुबुळ हा शरीरातला बराच सुरक्षित कोपरा, तिथे सड उशिरा पोचते. साखर तिथे प्रचंड निघाली असती तर कदाचित डॉक्टर सुटलेही असते. विज्ञान दोन्ही बाजूंना कापतं, हे आपण आरोपीच्या नावाकडे बघताना विसरतो.

पुण्याच्या सेशन्स कोर्टाने फाशी दिली, मुंबई हायकोर्टाने ती कायम केली, आणि अपील सुप्रीम कोर्टात गेलं. निकाल १४ डिसेंबर १९५९ चा. आता इंदूरकडे येतो. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूरला वकिली केलेले, तिथल्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झालेले. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, आपलं मध्य भारत त्यात विरलं, इंदूरला हायकोर्टाचं खंडपीठ आलं आणि या नव्या हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला होते. डिसेंबर १९५८ पर्यंत ते इथले होते, मग दिल्लीला गेले. लक्ष्मीबाई पुण्याहून गाडीत बसल्या तेव्हा त्यांना हे पद घेऊन बारा दिवस झाले नव्हते. आपल्या ज्येष्ठ सभासदांना माझं हे एक उत्तर. दुसरं पुढे येईल.

हिदायतुल्लांपुढे अडचण अशी होती की विषप्रयोगाच्या खटल्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात असा प्रघात : मृत्यू विषाने झाला, आरोपीकडे विष होतं, आणि द्यायची संधी होती. इथे पहिल्या दोन्ही रकान्यांत प्रयोगशाळेचं शून्य. त्यांनी म्हटलं, थोडक्यात सांगायचं तर, की या गोष्टी परिस्थितीवरूनही सिद्ध होऊ शकतात. विष सापडलंच पाहिजे असा नियम केला, तर ज्याला विषाचं सर्वांत जास्त ज्ञान आहे आणि जो प्रेत सडेपर्यंत तपासणी लांबवू शकतो, तोच सुटेल. जुन्या इंग्रजी विषखटल्यांचा दाखला देत ते आरोपीच्या वागण्याकडे वळले. खोटं नाव का? खरी ओळख का लपवली? मुलांना का कळवलं नाही? बाई मेली हे ठाऊक असलेला एकमेव माणूस दीड वर्ष तिला पत्रांतून जिवंत का ठेवतो? नैसर्गिक मृत्यूच्या गृहीतकात हे बसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. फाशी कायम झाली.

पण निकाल दोन विरुद्ध एक होता. न्यायमूर्ती सरकार यांनी भिन्न मत दिलं, आणि ते मी दोनदा वाचलं. त्यांचं म्हणणं असं की लोभी माणूस म्हणजे खुनी नव्हे. बाई खरोखरच आजाराने गेल्या असतील, आणि संधी साधून या माणसाने मृत्यू लपवून इस्टेट लुटली असेल. त्याचं नंतरचं वागणं चोराचं आहे, खुन्याचं आहेच असं नाही. वैद्यकीय पुराव्याने आजार नक्की नाकारला जात नाही.

मला विचाराल तर गाडी सुटण्याआधीची तयारी आणि हॉस्पिटलात पाय ठेवल्याबरोबर सांगितलेलं खोटं नाव यांमुळे मी बहुमताकडे झुकतो. बाई अजून जिवंत असताना तो माणूस तिचं नाव पुसत होता. तरीही ज्या मृत्यूचं कारण कोणालाच सांगता आलं नाही त्यासाठी एका माणसाला फाशी, ही गोष्ट माझ्या घशाखाली नीट उतरत नाही, हेही लिहून ठेवतो.

आणि या खटल्याला एक जुळं आहे, तेही पुण्याचंच. १९८२ च्या जूनमध्ये एक नवविवाहिता घरात मृत सापडली. या वेळी प्रयोगशाळेने चोख काम केलं : पोटॅशियम सायनाइड. नवऱ्याला फाशी झाली, हायकोर्टाने कायम केली, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. सारडा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे, परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं वकील आजही त्यातूनच म्हणतात. विष होतं, पण ते त्याने दिलं की तिने घेतलं हे विष सांगत नव्हतं, आणि त्याच्याजवळ ते असल्याचा पुरावाही नव्हता. म्हणजे जिथे सापडलं तिथे सुटका, जिथे सापडलं नाही तिथे फाशी. दोन्ही निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले की कळतं की नळीतला रंग फक्त 'काय' एवढंच सांगतो. 'कोणी' हे माणसांना विचारावं लागतं, आणि विचारणारं कोणीतरी असावं लागतं.

आता दुसरं उत्तर. हे मी बैठकीत सांगितलं नव्हतं.

माझ्या आजोबांची बहीण, आम्ही सगळे तिला माईआत्या म्हणायचो, म्हणजे मी नाही, मी जन्मायच्या आधीच ती गेली. बालविधवा. मल्हारगंजच्या बाजूला तिच्या नावावर दोन खोल्या आणि पुढे दुकानाचा गाळा होता. गुडघे दुखायचे म्हणून रात्री ज्वारीच्या दाण्याएवढी अफू घ्यायची, तेव्हा बऱ्याच म्हाताऱ्या घ्यायच्या. एका हिवाळ्यात सकाळी ती उठलीच नाही. घोरत होती. माझी आजी, तिची भावजय, हलवून हलवून दमली. दुपारी गेली, आणि दिवे लागायच्या आत पंचकुइयाला अग्नी दिला. तेरावं झाल्यावर कळलं की गाळा महिनाभर आधीच एका नात्यातल्या माणसाच्या नावे झालेला होता, कागदावर तिचा अंगठा. ती सही करायची. मोडीत, पण सही करायची.

ही गोष्ट आजीने मला मी कॉलेजात असताना सांगितली, तांदूळ निवडता निवडता. आणि मध्येच म्हणाली, "डोळे उघडून पाह्यले रे मी तिचे. बाहुल्या अगदी मोहरीएवढ्या झाल्या होत्या."

आजी चौथी शिकलेली. मोडींचं न्यायवैद्यकाचं पुस्तक तिने बघितलं असण्याची शक्यता नाही. त्यात अफूच्या विषबाधेची लक्षणं लिहिली आहेत : गाढ झोप, घोरता श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या. मेंदूतल्या एका विशिष्ट रक्तस्रावातही बाहुल्या तशा होतात, हेही तिथेच लिहिलेलं आहे, म्हणून मी फार पुढे जात नाही. आणि समजा, त्या दिवशी कोणी पोलिसात गेलं असतं, अवयव बाटलीत भरून पाठवले गेले असते, तर मॉर्फिन सापडलंच असतं. ती रोज घेत होती ना! रोजच्यापेक्षा किती जास्त, आणि ती गोळी त्या रात्री कोणी मळून दिली, हे कुठल्याच नळीत दिसलं नसतं. अंगठा दिसला असता. लागू खटल्यातही शेवटी रसायनापेक्षा सह्याच बोलल्या.

मी आजीला विचारलं होतं, मग तू तेव्हा कोणाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "विचारलं कोणी?" आणि सूप पाखडायला घेतलं.

तो गाळा आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेला. होळकरशाहीतले नोंदणीचे कागद पाहायला मी दोनदा गेलो, पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. मल्हारगंज किंवा सियागंज भागातल्या कोणाच्या घरी अफूच्या व्यापाराच्या वह्या, तागड्या, किंवा जुन्या खरेदीखतांच्या नकला असतील तर कृपया बैठकीला घेऊन याव्यात. मोडी वाचणारे दोघेजण आपल्या मंडळात अजून आहेत.